बिझनेस स्कूलचा प्रवेश: आपली शक्यता कशी मोजायची

वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातले, शेगावहून सातपुड्याच्या दिशेने निघाले की लागणारे बाजाराचे गाव. कापूस, सोयाबीन, हरभरा यांच्या खरेदी-विक्रीवर चालणाऱ्या या पट्ट्याला व्यापार नवा नाही. जिल्ह्यातल्या खामगावात 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो कापसाच्या रेल्वेचे उद्घाटन करायला आले होते. व्यापाराचे शिक्षण मात्र दूरच राहिले. बारावीनंतर थेट व्यवस्थापन शिकायचे, तेही देशातल्या नावाजलेल्या संस्थेत, हा विचार इथल्या घरांत आत्ता कुठे बोलला जाऊ लागला आहे.

विचार निघाला की पहिला प्रश्न येतो, "आपल्या पोराचा नंबर लागेल का?" उत्तरे दोन ठरलेली. शिकवणारे म्हणतात, "हुशार आहे, लागेलच." नातेवाईक म्हणतात, "तिथं आपलं काम नाही." दोन्ही उत्तरांमागे हिशेब नसतो. हिशेब करता येतो, आणि त्याला लागणारे बहुतेक आकडे उघड उपलब्ध असतात. एक पथ्य पाळायचे: एकूण गुणांकडे पाहण्याआधी आपला कच्चा दुवा शोधायचा. निवड टप्प्याटप्प्याने होते, आणि एका टप्प्यावर अडकलेल्याला पुढच्या टप्प्यावरची हुशारी दाखवायची संधीच मिळत नाही.

दारे कोणती आहेत

पहिला गट आयआयएमचा. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम, म्हणजे आयपीएम, आयआयएम इंदूरने 2011 मध्ये सुरू केला. नकाशावर सरळ रेघ ओढली तर वरवट बकालहून नागपूरपेक्षा इंदूरच जवळ पडते. इंदूरची प्रवेश परीक्षा आयपीमॅट. रोहतकने 2019 मध्ये स्वतःची परीक्षा घेऊन हाच मार्ग धरला. 2021 मध्ये रांची, बोधगया आणि जम्मू आले. त्यांपैकी बोधगया आणि जम्मूसाठी एनटीए ही संस्था जिपमॅट घेते. कोझिकोडने 2025 मध्ये आपल्या कोचीच्या केंद्रावर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला.

दुसरा गट दिल्ली विद्यापीठाचा. तिथले शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज 1987 पासून चालू आहे आणि बीएमएससाठी देशभरातून तिथे अर्ज येतात. 2022 पासून हे प्रवेश सीयूईटी या केंद्रीय सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतात.

तिसरा गट अभिमत विद्यापीठांचा: मुंबईचे एनएमआयएमएस एनपॅटवर, पुण्याचे सिम्बायोसिस सेट परीक्षेवर प्रवेश देते.

चौथा गट आपल्या राज्याचा. बीबीए, बीएमएस, बीबीएम हे अभ्यासक्रम 2024-25 पासून एआयसीटीईच्या अखत्यारीत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. मुंबईतल्या काही महाविद्यालयांनी तेव्हा बीएमएसचे नाव बदलून ते बीकॉमच्या छत्राखाली नेले. त्यामुळे हव्या त्या कॉलेजचा अभ्यासक्रम सीईटीत आहे की बाहेर, हे आधी पाहून घ्यावे.

परदेशाचा विचार या लेखात फारसा नाही. अमेरिकेतल्या व्हार्टनसारख्या 1881 पासूनच्या संस्था गुणांबरोबर निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरची कामगिरी असे सगळे एकत्र पाहतात. तिथे कटऑफ नसतो, म्हणून पुढे दिलेला हिशेब तिथे लागू पडत नाही. आपल्याकडची निवड कडक असली तरी मोजण्याजोगी आहे.

आपल्या रांगेतल्या जागा मोजा

"हजारो अर्ज आणि जागा दीडशे" हे वाक्य ऐकून घाबरायचेही नाही आणि त्यावर विसंबायचेही नाही. अर्ज करणाऱ्यांत तयारी न करता बसणारे पुष्कळ असतात. खरी स्पर्धा आपल्या प्रवर्गातल्या तयारीच्या मुलांशी असते.

केंद्रीय संस्थांचे आरक्षण ठरलेले आहे: अनुसूचित जाती 15 टक्के, अनुसूचित जमाती साडेसात, ओबीसी 27 आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, म्हणजे ईडब्ल्यूएस, 10. सुमारे 150 जागांच्या तुकडीला हे लावून पाहा. अनुसूचित जातीसाठी 22-23, जमातीसाठी 11, ओबीसीसाठी 40, ईडब्ल्यूएससाठी 15 आणि सर्वांना खुल्या अशा 60-61 जागा येतात.

त्यानंतर गेल्या दोन-तीन वर्षांचे आपल्या प्रवर्गाचे कटऑफ काढावेत. इथे बरेच जण फसतात, कारण कटऑफ दोन असतात. पहिला मुलाखतीच्या बोलावण्याचा, दुसरा अंतिम निवडीचा. पहिल्याच्या जरा वर गुण असले तर फक्त बोलावणे येते. शक्यता मोजायची ती दुसऱ्या आकड्याशी.

वेटिंग लिस्टही हिशेबात धरावी. एकाच विद्यार्थ्याला दोन-तीन ठिकाणी जागा मिळते आणि तो एकच घेतो, म्हणून यादी खाली सरकते. शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला झाला हा आकडा मिळाला, तर तो जागांच्या संख्येपेक्षा जास्त उपयोगाचा.

दाखला राज्याचा की केंद्राचा

अभ्यास उत्तम असूनही जागा हातची जाते ती बहुधा इथे. राज्यात आणि केंद्रात प्रवर्ग एकसारखे नाहीत.

महाराष्ट्रात धनगर एनटी-सी मध्ये आणि वंजारी एनटी-डी मध्ये येतात. केंद्राच्या यादीत दोन्ही ओबीसी आहेत. कुणबी दोन्हीकडे ओबीसी. मराठा समाजाला 2024 च्या कायद्याने राज्यात एसईबीसी म्हणून 10 टक्के आरक्षण आहे, पण आयआयएम किंवा दिल्ली विद्यापीठात ते चालत नाही. तिथे असा विद्यार्थी खुल्या प्रवर्गात मोजला जातो, आणि निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये.

ईडब्ल्यूएसचा केंद्राचा निकष शेतकरी घरांनी नीट वाचावा. कुटुंबाचे सर्व मार्गांचे मिळून वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवे, आणि शेतजमीन 5 एकरांपेक्षा कमी हवी. जमीन खारपाणपट्ट्यातली कोरडवाहू असली, कर्जात असली तरी एकर ते एकर. सात-बारावर कुटुंबाची सहा एकर दिसली की दार बंद. ओबीसीच्या नॉन-क्रिमिलेअरचा हिशेब याच्या उलट आहे: तिथल्या 8 लाखांत पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत.

केंद्राच्या ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा असतो आणि तो चालू आर्थिक वर्षातला मागतात. राज्याच्या सीईटी प्रवेशाला याखेरीज जात वैधता प्रमाणपत्र लागते, त्याला महिने जातात. म्हणून अकरावीच्या वर्षातच तहसील आणि सेवा केंद्राच्या फेऱ्या सुरू कराव्यात. कागद हातात नसेल तर आपला कटऑफ खुल्या प्रवर्गाचा धरून हिशेब करावा, म्हणजे नंतर धक्का बसत नाही.

इंग्रजीचे वजन परीक्षेगणिक बदलते

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा कच्चा दुवा बहुतेक वेळा इंग्रजी असतो. पण तो किती महाग पडेल हे परीक्षेवर अवलंबून आहे, आणि फॉर्म भरताना नेमके हेच कोणी पाहत नाही.

इंदूरच्या आयपीमॅटमध्ये अलीकडच्या वर्षांत 90 प्रश्न, 360 गुण असतात: गणिताचे पर्यायी प्रश्न 30, गणिताचे लघुउत्तरी 15 आणि इंग्रजीचे 45. म्हणजे निम्मे गुण इंग्रजीला. प्रत्येक विभागाला स्वतंत्र 40 मिनिटे असतात. गणित लवकर संपले तरी उरलेला वेळ इंग्रजीला वापरता येत नाही. शिवाय प्रत्येक विभागाचा कटऑफ वेगळा. गणितात अव्वल आणि इंग्रजीत काठाखाली असलेला विद्यार्थी एकूण गुण कितीही असले तरी बाद होतो.

जिपमॅटमध्ये 100 प्रश्नांपैकी इंग्रजीचे 34. बाकी गणिताचे 33 आणि आकडेवारी-तर्काचे 33. राज्याच्या सीईटीत 100 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे, 30 बुद्धिमत्तेचे, 15 सामान्य ज्ञानाचे आणि 15 संगणकाचे असा साचा आहे. सीयूईटीत दिल्लीच्या बीएमएससाठी भाषा, गणित आणि सामान्य चाचणी असे तीन पेपर धरले जातात, प्रत्येकी 250 गुणांचे. सीयूईटी 13 भाषांतून देता येते आणि त्यांत मराठी आहे. गणिताचा पेपर मराठीतून सोडवता येणे ही मराठी माध्यमाच्या मुलासाठी मोठी सोय आहे. प्रवेशानंतरचे शिक्षण मात्र इंग्रजीतच होते, हे विसरू नये.

याचा अर्थ सरळ आहे. इंग्रजी कच्चे आणि गणित पक्के असलेल्या मुलाला इंदूरपेक्षा जिपमॅट आणि सीयूईटीत वाव जास्त. इंग्रजी वाचनाची सवय असलेल्या, पण गणितात साधारण असलेल्या मुलीला उलट. मुलगा तोच, हुशारी तीच, पण परीक्षा बदलली की शक्यता बदलते.

अकरावीतच बंद होणारे दार

दिल्लीच्या बीएमएसला सीयूईटीत गणित किंवा उपयोजित गणित लागतेच. आपल्याकडे अकरावी कॉमर्सला 'मॅथ्स घेऊ की एसपी' हा प्रश्न येतो. गुण सहज मिळतात म्हणून बरीच मुले सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेतात आणि दोन वर्षांनी कळते की दिल्लीचा रस्ता तेव्हाच बंद झाला होता. सायन्सला जीवशास्त्राचा गट घेऊन गणित सोडणाऱ्यांचेही तेच होते. आयआयएमच्या परीक्षांना शाखेचे बंधन नाही, आर्ट्सचा विद्यार्थीही बसू शकतो. पण प्रश्नपत्रिकेत गणित असतेच. दहावीच्या निकालानंतर हा लेख वाचणाऱ्यांनी एवढा एक निर्णय जपून घ्यावा.

मॉकचे गुण कसे वाचावेत

शक्यतेचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवलेल्या जुन्या किंवा सराव प्रश्नपत्रिका. पण घरी सांगितला जातो तो सगळ्यात चांगल्या मॉकचा आकडा. पिकाची आणेवारी काढताना शिवारातला सर्वांत तरारलेला कोपरा निवडून चालत नाही. तुकडे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडतात आणि जे येईल ते लिहितात. मॉकलाही तीच शिस्त लावावी. आठ-दहा पेपर सोडवा, विभागवार गुण लिहा, चढत्या क्रमाने लावा. मधला आकडा ही आपली खरी पातळी. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा ही आपली झेप.

मग गेल्या वर्षांच्या अंतिम कटऑफशी ताडून प्रत्येक संस्थेपुढे तीनपैकी एक शेरा लिहा. आपला सर्वांत कमी आकडाही कटऑफच्या वर असेल तर ती संस्था 'आवाक्यात'. कटऑफ आपल्या किमान आणि कमाल गुणांच्या मध्ये पडत असेल तर 'काठावर'. आपला सर्वोत्तम आकडाही खाली राहत असेल तर 'लांबची'. हे प्रत्येक विभागासाठी वेगळे करा आणि संस्थेला शेरा द्यायचा तो सर्वांत कमी निघालेल्या विभागाचा.

अंदाजाने उत्तर ठोकण्याबद्दल थोडे गणित. बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1 असेल, तर चार पर्यायांत आंधळा अंदाज केल्यास सरासरी पाव गुण हाती लागतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर ही सरासरी दोन-तृतीयांश गुणापर्यंत जाते. सीयूईटीत बरोबरला 5 आणि चुकीला वजा 1, म्हणून तिथे आंधळा अंदाजही सरासरी अर्धा गुण देतो. इंदूरच्या लघुउत्तरी विभागाला आणि राज्याच्या सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे निव्वळ नुकसान.

पर्सेंटाइलचा अर्थ

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो आणि 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण असे समजून घरात पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात 90 पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे दहा जण आपल्या पुढे. क्रमांक काढायला सोपी रीत आहे: 100 मधून पर्सेंटाइल वजा करा, 100 ने भागा, परीक्षार्थींच्या संख्येने गुणा. समजा 50 हजार जण बसले आणि आपल्याला 95 मिळाले, तर आपला क्रमांक अडीच हजारांच्या आसपास.

राज्याच्या या सीईटीत पहिल्याच वर्षी परीक्षार्थींपेक्षा जागा जास्त निघाल्या आणि पुन्हा एक जादा सीईटी घ्यावी लागली. त्यामुळे 'कुठेतरी' प्रवेश मिळण्याची चिंता इथे फारशी नाही. प्रश्न हव्या त्या कॉलेजचा असतो. त्यासाठी कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांचे, मागच्या वर्षीचे कॉलेजनिहाय, प्रवर्गनिहाय कटऑफ पाहावेत आणि पसंतीक्रम खऱ्या आवडीनेच भरावा.

चार फॉर्म म्हणजे चौपट शक्यता नव्हे

शक्यतांचा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. पहिली चूक टप्प्यांची. लेखी परीक्षेतून बोलावणे येण्याची शक्यता 30 टक्के आणि बोलावलेल्यांतून निवड होण्याची 40 टक्के वाटत असेल, तर प्रवेशाची शक्यता या दोहोंचा गुणाकार, म्हणजे 12 टक्के. मनात मात्र आपण 35 धरून बसतो.

दुसरी चूक बेरजेची. चार संस्थांत प्रत्येकी 20 टक्के शक्यता असेल, तर 80 टक्के होत नाही. चारही निकाल एकमेकांशी संबंध नसलेले असते, तर निदान एका ठिकाणी लागण्याची शक्यता 59 टक्के आली असती. प्रत्यक्षात तीही येत नाही, कारण चारही ठिकाणी बसणारे डोके एकच आणि त्याचा कच्चा दुवाही एकच. इंग्रजीत अडखळणारा चारही ठिकाणी इंग्रजीतच अडखळतो. म्हणून एकाच साच्याच्या चार परीक्षा देण्यापेक्षा वेगळे वजन असलेल्या तीन परीक्षा निवडणे फायद्याचे.

मुलाखतीत गावाचे वजन

इंदूरची अंतिम यादी लेखी परीक्षा आणि मुलाखत मिळून लागते. 65 आणि 35 टक्के असे वजन तिथे वापरले गेले आहे. बोधगया आणि जम्मूने सुरुवातीपासून मुलाखतीशिवाय प्रवेश दिले. बोलण्याची भीती हाच ज्याचा कच्चा दुवा, त्याने हा फरक लक्षात घ्यावा.

मात्र मुलाखतीत गावाकडचा विद्यार्थी मागेच असतो असे नाही. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झाला. मग बाजारात भाव त्याच्या खाली का जातो, हमीभावाने कापूस घेणारी सीसीआय 8 ते 12 टक्के ओलाव्याचीच अट का घालते, शेतकरी खेडा खरेदीत घरूनच माल का देतो, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याच्याजवळ व्यवसायाचे जिवंत उदाहरण आहे. ते साध्या इंग्रजीत पाच मिनिटे सांगता आले पाहिजे. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा हा सराव कामी येतो.

फी हाही निवडीचाच टप्पा

प्रवेश मिळाला आणि घेता आला नाही, तर ती शक्यता शून्यच. आयआयएमच्या पाच वर्षांचा एकूण खर्च 30 लाखांच्या पुढे जातो. अभिमत विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत. दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजची फी हजारांत असते. तिथे राहण्या-जेवणाचा खर्च फीपेक्षा मोठा पडतो.

केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला 75 टक्के पतहमी, आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत असे तिचे स्वरूप आहे. व्याजसवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे. राज्यात 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे; अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना मात्र ही माफी लागू नाही. त्यामुळे राज्याच्या सीईटीतून मिळालेली जागा आणि पुण्या-मुंबईच्या अभिमत विद्यापीठातली जागा यांची तुलना करताना मुलीच्या घरच्यांनी संस्थेच्या नावाबरोबर हा आकडाही मांडावा.

कागदावर उतरवा

एका कागदावर प्रत्येक संस्थेपुढे पाच गोष्टी लिहा: आपल्या प्रवर्गाचा गेल्या वर्षीचा अंतिम कटऑफ, आपला मधला मॉक आकडा, सर्वांत कच्चा विभाग, हाती नसलेला दाखला आणि पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च. यादीत निदान दोन संस्था आवाक्यातल्या, दोन काठावरच्या आणि एखादी लांबची असावी. सगळ्याच लांबच्या असतील तर यादी चुकली. सगळ्याच आवाक्यातल्या असतील तर आपण स्वतःला कमी लेखतो आहोत.

हा कागद दर तीन महिन्यांनी नव्याने लिहावा, कारण त्याच आकड्याचा अर्थ हाती उरलेल्या वेळेप्रमाणे बदलतो. अकरावीच्या जूनमध्ये इंग्रजी कच्चे निघाले तर रोजच्या वाचनाने ते सुधारता येते, इंदूर यादीत ठेवता येते. बारावीच्या मार्चमध्ये तेच दिसले, तर विभाग सुधारण्याच्या मागे धावण्यापेक्षा इंग्रजीचे वजन कमी असलेल्या परीक्षेवर जोर लावावा, आणि उरलेले दिवस जिथे गुण आपले आहेत तिथे घालवावेत.